परसांतील बैठकीची खोली

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत चाकणपासून कोसाभरावर असलेल्या एका गांवीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा आम्हांस योग आला. सदर गृहस्थ जुने बागाईतदार. त्यांच्या जमिनीपैकीं बराच भाग औद्योगिक वसाहतीकरितां संपादन झाला. घराभोंवतालचे दोन एकर तेवढे उरले. मिळालेल्या मोबदल्यांतून त्यांनीं जुनें कौलारू घर उतरवून सिमेंटचें दुमजली घर बांधलें, आणि घरामागें, जेथें पूर्वीं कडब्याची गंज असे, तेथें एक स्वतंत्र खोली उठविली. तिला ते 'गार्डन रूम' म्हणतात. शेत गेलें, तरी निदान शेतांत बसल्यासारखें वाटेल अशी एक जागा घरीं असावी, हा त्यांचा हेतु. तो ऐकून आम्हांस फार समाधान वाटलें, आणि मोठ्या उत्सुकतेनें आम्ही ती खोली पाहण्यास गेलों.

खोली तीन बाजूंनीं कांचेची होती. वर अर्धा भाग स्लॅब व अर्धा भाग पारदर्शक पत्रा. चौथ्या भिंतीवर प्लॅस्टिकचें हिरवें गवत डकविलेलें. त्याच्या शेजारीं कोणत्या तरी थंड मुलखांतील देवदारांच्या रानाचें छापील चित्र. कोपऱ्यांत विजेवर चालणारा लहानसा धबधबा. कुंड्या वीस-बावीस असाव्यात, परंतु हात लावून पाहिल्यावांचून त्यांतील खऱ्या कोणत्या व कापडी कोणत्या हें कळेना. खर्च करतांना यजमानांनीं हात आखडलेला नव्हता. मात्र दुपारीं तीनच्या सुमारास त्या खोलींत आम्हांस पाव घटकाही बसवेना. अखेर त्यांनीं दारें घट्ट लावून थंड हवेचें यंत्र चालू केलें, तेव्हां गारवा आला खरा. पण बाहेरच्या निंबाची सळसळ, पांखरांचा आवाज, मातीचा वास, जें मिळावें म्हणून एवढा खटाटोप केला तें सर्व त्या दारांबाहेर राहिलें.

यजमानांच्या वृद्ध मातोश्री खोलींत आल्याच नाहींत. त्या बाहेर निंबाखालीं सुतडीच्या बाजेवर बसल्या होत्या. आम्हांस पाहून म्हणाल्या, "आवं पाव्हणं, हितं या सावलीला. तितं गवत हाय म्हंत्यात, पन त्ये कुनाच्या दावनीला घालायचं?"

यजमान ओशाळून हंसले. आम्हीही हंसलों, पण ही गोष्ट नुसती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं असें त्या दिवसापासून आमच्या मनांत आहे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत आमच्या सभासदांपैकीं कित्येकांची हीच स्थिति आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. पाठोपाठ आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथें कारखाने आले. १९८२ मध्यें पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. आणि पुढें चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले, त्यांतील फोक्सवॅगनचा २००९ सालीं सुरू झाला. पवना व इंद्रायणी यांच्या कांठच्या मळ्यांवर वाढलेलीं माणसें तीन पिढ्यांच्या आंत चौकोनी भूखंडावर येऊन राहिलीं. अशा माणसास हिरव्या पानाची ओढ लागली तर तो छंद नव्हे, ती भूक आहे. भुकेल्यास कागदी भाकर वाढणें बरें नव्हे, म्हणून हा विषय येथें कांहींशा विस्तारानें मांडतों.

प्रथम ही कांचेची खोली आली कोठून हें पाहूं. ती आपल्या हवेची नव्हे. विलायतेंत वर्षांतील पुष्कळ महिने ऊन दुर्मिळ. तेथें कांचेची खोली बांधतात ती ऊन पकडून ठेवण्याकरितां. लंडनमधील डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांनीं १८२९ च्या सुमारास झांकण लावलेल्या एका बाटलींत नेचाचें रोप आपोआप वाढतांना पाहिलें, आणि त्यावरून कांचेच्या बंद पेट्यांत रोपें वाढविण्याची कल्पना निघाली. ह्याच पेट्यांतून पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधून चहाचीं रोपें हिंदुस्थानांत धाडलीं. १८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठला, कांच स्वस्त झाली, आणि १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनाकरितां माळीकाम करीत वर आलेल्या जोसेफ पॅक्स्टन यांनीं लोखंड व कांच यांचा प्रचंड महाल उभारला. तेव्हांपासून सुखवस्तु घराला कांचेची खोली जोडण्याची चाल तिकडे रूढ झाली. त्या लोकांस ती योग्यच होती.

आतां आपल्याकडे तीच वस्तु कशी वागते हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. तळेगांवच्या फुलांच्या पार्कांत, मावळांत, ज्यांनीं गुलाब व जरबेरा यांचीं पॉलिहाऊसें पाहिलीं वा स्वतः बांधलीं, त्यांस हें पक्कें ठाऊक आहे कीं पारदर्शक आच्छादनांतून प्रकाश आंत शिरतो, जमीन व वस्तु तापवितो, आणि त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता व तापलेली हवा सहज बाहेर पडत नाहीं. म्हणूनच तेथें पडदे वर गुंडाळावे लागतात, सांवलीची जाळी पसरावी लागते, फवारे सोडावे लागतात. पॉलिहाऊसांत काम करणारा मजूर दुपारीं बाहेर येऊन सांवलींत बसतो. तेंच पॉलिहाऊस घरामागें बांधून त्यांत पाहुण्यास बसविणें हा आमच्या स्नेह्यांचा मूळ दोष होता. प्लॅस्टिकचें गवत हा त्यामानानें क्षुल्लक.

ह्याच प्रदेशांत बागेंतील घराचें एक जुनें व प्रसिद्ध उदाहरण आहे, तें आज फार थोड्यांस माहीत असेल. पुण्याहून निघाल्यावर पिंपरी-चिंचवडच्या हद्दींत शिरतांना प्रथम जें दापोडी लागतें, तेथें पेशवाईच्या अखेरच्या काळांत पलटणीवर असलेल्या कॅप्टन फोर्ड यांचा नदीकांठीं बंगला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२८ सालीं तो सरकारकरितां घेतला आणि भोंवतीं सरकारी वनस्पति-उद्यान सुरू केलें. पावसाळ्यांत गव्हर्नर तेथें येऊन राहत. १८३८ पासून ह्या उद्यानाची व्यवस्था डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. हे पुढें १८४७ मध्यें मुंबई इलाख्याचे पहिले जंगल-संरक्षक झाले. त्यांच्या देखरेखीखालीं एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकारानें बागेंतील झाडांचीं दीडशेहून अधिक चित्रें काढलीं. चित्रकाराचें नांव कोणीं लिहून ठेवलें नाहीं, चित्रें मात्र एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जपलेलीं आहेत, आणि २००२ सालीं त्यांवर तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांचा ग्रंथही निघाला. पुढें गव्हर्नरांचें ठाणें गणेशखिंडीस गेलें व दापोडीची बाग संपली.

ह्या हकीकतींत आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, कांचेच्या देशांतून आलेले हे लोक दापोडीस राहिले ते रुंद पडव्यांच्या बंगल्यांत, झाडांच्या सांवलींत. आपल्या देशीं ज्यानें जें केलें तें येथें चालणार नाहीं, हें ह्या हवेनें त्यांस शिकविलें. आपण येथलेच असून तें विसरावें ही मौज आहे.

असो. त्या दुपारीं खोलींतून बाहेर पडल्यावर यजमान, त्यांचे चिरंजीव व आम्ही असे तिघे उभे राहिलों तें ठिकाण कोणतें, तर कांद्याच्या चाळीची आंतली सांवली. कोणीं कोणास तेथें चला म्हटलें नव्हतें. पाय आपोआप तिकडे वळले. जमिनीपासून हात-दीड हात उचललेला तळ, दोन्ही बाजूंस फटी ठेवून ठोकलेल्या बांबूच्या कामट्या, वर कौलें आणि खालपर्यंत उतरलेलीं पाखीं. खालून हवा शिरते, कांद्यामधून जाते आणि वरून निघून जाते. कौलाचें ऊन कांद्यास लागत नाहीं, तिरकस पाऊस आंत येत नाहीं. आम्ही यजमानांस म्हटलें, "कांदा सडूं नये म्हणून आपण जेवढा विचार केला, तेवढा माणसाकरितां केला असता तर ही खोली अशी झाली नसती." त्यांनीं चाळीकडे पाहिलें, खोलीकडे पाहिलें, आणि कांहीं बोलले नाहींत. परंतु दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला कीं, कांचा काढल्या, आतां पुढें काय तें सांगावयास या.

येथून पुढें जें लिहितों तें त्या खोलीच्या निमित्तानें त्यांनीं व आम्हीं मिळून ठरविलेलें आहे. कांहीं चुकलें, तेंही सांगतों.

पहिला विचार उन्हाचा. चाकण सुमारें पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस येथें भर दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो. मधल्या काळांत तर तो किंचित् उत्तरेकडे झुकतो. याचा अर्थ असा कीं कडक उन्हाळ्यांत दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचें ऊन पडतच नाहीं. उलट डिसेंबरांत, दिवस सर्वांत लहान असतो तेव्हां, दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांवर असतो. दक्षिणेस तीन फूट पुढें आलेलें पाखें असेल तर त्या दिवसांत पाख्याच्या कडेखालीं सुमारें सव्वातीन फूट सांवली राहते, व त्याखालून कोंवळें ऊन बैठकीपर्यंत येतें. एकाच पाख्यानें उन्हाळ्यांत सांवली व हिंवाळ्यांत ऊब मिळते. आपले वाडवडील दक्षिणेस ओटी सोडीत त्यांत हें गणित होतें. त्यांनीं तें कागदावर मांडलें नाहीं एवढेंच.

खरी पीडा पश्चिमेची. दुपार कलल्यावर ऊन आडवें येतें आणि आडव्या उन्हास पाखें अडवीत नाहीं. त्यास उभा आडोसाच पाहिजे. तो भिंतीचा केला तर वारा बंद होतो, कारण उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत वाराही बहुतेक पश्चिमेकडूनच येतो. म्हणून यजमानांनीं पश्चिमेच्या कांचा काढून तेथें बांबूच्या कामट्यांची जाळी उभारली आणि तिच्यावर वेल चढविण्याचें ठरविलें.

कोणती वेल, यावर मात्र घरांत दोन पक्ष झाले. चिरंजीवांस मधुमालती पाहिजे होती. ती बारमास हिरवी राहते, फुलते, संध्याकाळीं सुगंध देते. मातोश्री म्हणाल्या, कारलीं व दोडका लावा. आम्हीं त्यांचीच बाजू घेतली, आणि तें केवळ वयाचा मान म्हणून नव्हे. माघांत बीं टोकलें कीं चैत्र-वैशाखांत, म्हणजे ऊन सर्वांत कडक असतें नेमक्या त्या वेळीं, जाळी पानांनीं भरते. पावसाळा आला कीं वेल काढून टाकावा. जाळी मोकळी होते, ढगाळ दिवसांत उजेड आंत येतो. शिवाय रोज सकाळीं कोणास तरी त्या वेलाकडे जावें लागतें, पाणी घालावें लागतें, फळ तोडावें लागतें. आमच्या मतें खोलीस निसर्गाची जवळीक येते ती अशा रोजच्या कामामुळें. ज्या झाडाकडे वर्षभर कोणास जाण्याचें कारण नसतें, तें झाड खरें असलें तरी भिंतीवरच्या चित्राहून फार निराळें नव्हे. अर्थात् चिरंजीवांनीं उत्तरेच्या कोपऱ्यास मधुमालती लावलीच, आणि ती आज सुरेख फुलते हेंही कबूल करावें लागतें.

छपरावरचा पारदर्शक पत्रा काढून तेथें जुन्या घराचीं राहिलेलीं मंगळुरी कौलें घातलीं. हीं कौलें आपल्या इतकीं अंगवळणीं पडलीं आहेत कीं तीं मूळचीं आपलीं नव्हेत हें लक्षांत येत नाहीं. बासेल मिशनच्या लोकांनीं १८६५ मध्यें मंगळूरास त्यांचा कारखाना काढला, तेव्हांपासून तीं पश्चिम किनाऱ्यानें पसरलीं. परकी वस्तु नको असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. ती ह्या हवेस मानवते कीं नाहीं एवढाच प्रश्न आहे. स्लॅबचा उरलेला भाग दर उन्हाळ्यापूर्वीं चुन्यानें पांढरा करण्याचा परिपाठ ठेवला आहे. पांढरा रंग ऊन परतवितो. काळ्या डांबरी लेपाखालीं आणि पांढऱ्या चुन्याखालीं एकेक दुपार बसून पाहावें, म्हणजे खात्री पटेल.

खालीं चकचकीत फरशी होती. ती उखडण्याचा खर्च आम्हांस अनाठायीं वाटला, म्हणून ती तशीच राहूं दिली. बाहेरच्या पडवीस मात्र मुरूम धुमसून सारवण केलें. घरांत एक गाय उरली होती, तेव्हां शेण विकत आणावें लागलें नाहीं. सारवलेल्या जमिनीवर पाणी शिंपडलें कीं जो वास येतो तो कोणत्याही बाटलींत मिळत नाहीं. मात्र सारवण दर आठ-पंधरा दिवसांनीं करणारें कोणी असेल तरच हा मार्ग धरावा. सारवण उखडून धूळ उडूं लागली तर शहाबादी फरशी शंभर पटीनें बरी.

उन्हाच्या झळांकरितां दाराशीं वाळ्याचा पडदा लावून तो ओला ठेवावा. पाणी वाळतांना हवेंतील उष्णता घेतें, म्हणून चैत्र-वैशाखांतील कोरड्या हवेंत गारवा येतो. जूनमध्यें हवा दमट झाली म्हणजे हा उपाय चालत नाहीं. तेव्हां पडदा काढून, वाळवून, उंदीर लागणार नाहींत अशा जागीं टांगून ठेवावा. आमच्या स्नेह्यांनीं पहिल्या वर्षीं तो पावसांत तसाच राहूं दिला, आणि श्रावणांत त्यास बुरशी आली.

पाण्याविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें भाग आहे. विजेचा धबधबा काढून यजमानांनीं तेथें गुरांची जुनी दगडी डोणी ठेवली आणि तींत कमळाचा कंद लावला. पाखरें पाणी पिण्यास येऊं लागलीं, सर्वांस आनंद झाला. आणि पावसाळ्यांत तिच्यांत डांसांच्या अळ्या वळवळूं लागल्या. डेंग्यूचा डांस गटारांत नव्हे, असल्या स्वच्छ सांचलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो, आणि उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डांस होतो. म्हणून पक्ष्यांकरितां ठेवलेलीं मातीचीं पसरट भांडीं, कुंड्यांखालच्या ताटल्या, रांजण हीं आठवड्यांतून एकदां ओतून, घांसून, कोरडीं केलींच पाहिजेत. डोणी रिकामी करणें शक्य नसेल तर तींत गप्पी मासे सोडावे. ते अळ्या खातात. आतां त्या डोणींत मासे आहेत आणि नातवंडांस त्यांचा मोठा नाद लागला आहे.

झाडांच्या निवडींत एका गोष्टीबद्दल आम्ही वाचकांस हात जोडून विनंति करतों. हमरस्त्यांच्या मधल्या पट्टींत गुलाबी-पांढऱ्या फुलांची कण्हेर लावलेली असते. ती दिसते सुंदर, पाणी कमी लागतें, गुरें तोंड लावीत नाहींत, म्हणून पुष्कळ जण ती घराभोंवतीं लावतात. गुरें उभ्या झाडास सहसा तोंड लावीत नाहींत हें खरें. परंतु छाटलेल्या फांद्या चाऱ्यांत मिसळल्या, किंवा पानें वाळून वैरणींत गेलीं, तर थोड्याशा पानांनीं मोठें जनावर दगावतें. वाळल्यानें तिचें विष जात नाहीं. आमच्या ह्या स्नेह्यांच्या येथें माळ्यानें कण्हेर छाटून ढीग गाईच्या दावणीशेजारींच टाकला होता. मातोश्रींनीं तो वेळीं पाहिला म्हणून गाय व वासरूं वांचलीं. त्याच संध्याकाळीं कण्हेर मुळासकट काढली. शोभेच्या रोपांपैकीं मोठ्या ठिपकेदार पानांचा डिफेनबाकिया हाही लहान मुलांच्या हातीं लागेल असा ठेवूं नये. त्याचें पान चावलें तर तोंड व जीभ सुजते.

वड, पिंपळ, उंबर यांना घराच्या भिंतीपासून दूरच जागा द्यावी, हें सर्वांस माहीत आहे. शेवगा उपयोगी खरा, पण त्याचें लांकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यांत फांदी कौलांवर येते. खोलीच्या पूर्वेस पारिजातक, थोड्या अंतरावर बकुळ, पाणी वाहून जातें त्या चरावर अळू व गवती चहा, दाराशीं तुळस व कढीलिंब, इतकें झालें तरी वर्षांतला एकही महिना वासावांचून जात नाहीं. आंत, जेथें ऊन येत नाहीं तेथें, नागवेल उत्तम. ती सांवलीचीच वेल आहे, आणि पानाचा उपयोग कोणास सांगावयास पाहिजे असें नाहीं.

कुंड्यांनीं घरांतील हवा शुद्ध होते असें दुकानदार सांगतात. ह्या समजुतीचा उगम १९८९ सालच्या अमेरिकन अवकाश-संस्थेच्या प्रयोगांत आहे. ते लहान बंद पेट्यांत केलेले होते. २०१९ मध्यें दोघां अमेरिकन संशोधकांनीं तीस वर्षांतील असले प्रयोग पुन्हा तपासून दाखविलें कीं, उघड्या दार-खिडकीनें जितकी हवा शुद्ध होते तितकी करावयास प्रत्येक चौरस मीटरास दहापासून हजारपर्यंत कुंड्या लागतील. तेव्हां कारखान्याच्या धुरावर उपाय म्हणून कोणीं कुंड्या विकत घेऊं नये. रस्त्याच्या बाजूस दाट कुंपण वाढवावें. पानांवर धूळ बसते, आंत कमी येते.

मग हिरव्या पानाचा माणसास खरोखर कांहीं लाभ आहे कीं ही आमची भाबडी समजूत? ह्यावर एक जुनें निरीक्षण आहे. रॉजर उलरिच यांनीं १९८४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत पेनसिल्वेनियांतील एका रुग्णालयाचे १९७२ ते १९८१ पर्यंतचे कागद तपासले होते. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांपैकीं तेवीस जणांच्या खिडकींतून झाडें दिसत, आणि त्यांच्याशीं वय वगैरे जुळणाऱ्या दुसऱ्या तेवीस जणांस विटांची भिंत. झाडें पाहणारे रोगी सरासरीनें लौकर घरीं गेले आणि त्यांस वेदनाशामक तीव्र औषधें कमी लागलीं. संख्या लहान आहे, हें आम्ही जाणून आहों. तथापि ज्यांनीं आजारी माणसाची बाज निंबाखालीं नेऊन ठेवली आहे, त्यांस ह्या निष्कर्षाचें आश्चर्य वाटणार नाहीं. लक्षांत ठेवण्यासारखें इतकेंच कीं तीं झाडें खिडकीबाहेर होतीं. खोलीची पहिली सजावट म्हणजे तिची खिडकी कोठें उघडते ही.

राहिली आंतील मांडणी. तिच्याविषयीं फार लिहिण्याजोगें नाहीं. देवदारांचें चित्र काढलें, भिंतीस चुना दिला, खालीं हातभर गेरूचा पट्टा ओढला. गाद्यांच्या खुर्च्या घरांत गेल्या. येथें दोन बाजा, एक घोंगडी, चटया. वांशास ज्वारीच्या कणसांचा झुबका टांगला आहे. चिमण्या येऊन टिपतात आणि खालीं घाण करतात, ती झाडावी लागते. यजमानांनीं जुनी पाभर व बैलगाडीचें चाक व्हार्निश लावून भिंतीवर चढविलें होतें. अलीकडे हॉटेलांतून ही चाल फार दिसते, आणि आम्हांस ती फारशी रुचत नाहीं. पण पाभर खालीं उतरविण्याचा आग्रह आम्हीं धरला नाहीं, कारण मातोश्री एका संध्याकाळीं नातवास तिचे फण, चाडें व नळ्या दाखवीत बसलेल्या आम्हीं पाहिल्या. बीं चाड्यांत कसें सोडावयाचें तें त्या मुठीनें करून दाखवीत होत्या. मूठ रिकामी होती, तरी बोटें ज्या मापानें उघडत होतीं तें माप अगदीं बरोबर होतें. त्या पोरानें पाभर चालतांना कधीं पाहिलेली नाहीं आणि बहुधा पाहणारही नाहीं.

ज्यांस परसूही उरलें नाहीं, जे मोशी, चिखलीकडे सदनिकांत राहावयास गेले, त्यांच्याकरितां ह्यांतील थोडेंच लागू पडेल. सज्जा पश्चिमेस असेल तर कारल्याची वेल मोठ्या कुंडींत होते, दोरीवर चढवावी. कुंडी निदान हातभर खोल पाहिजे, आणि ओझें सज्ज्याच्या कडेस न ठेवतां भिंतीकडे ठेवावें. पूर्वेच्या सज्ज्यांत तुळस व पुदिना चांगला येतो. वरच्या मजल्यावर वारा फार असतो, माती लौकर वाळते. पालापाचोळ्याचें आच्छादन द्यावें.

यंदाच्या वैशाखांत आम्ही पुन्हा त्या गांवीं गेलों होतों. दुपारचे तीनच वाजले होते. खोलींत पंखा मंद चालला होता, थंड हवेचें यंत्र नव्हतें. तें वरच्या मजल्यावर चिरंजीवांच्या निजण्याच्या खोलींत बसविलें असें कळलें. पश्चिमेच्या जाळीवर दोडका गच्च चढला होता आणि त्यांतून येणारा उजेड हिरवट झाला होता. पलीकडच्या कारखान्याचा घोंघावणारा आवाज येत होता. तो जाणार नाहीं. मातोश्री आंतल्या बाजेवर पडल्या होत्या, आणि आमची चाहूल लागतांच उठून बसून त्यांनीं सुनेस हांक मारली, "अगं, पाव्हण्यास्नी दोन दोडकी तोडून ठिव."

प्लॅस्टिकच्या गवताचें काय झालें म्हणून आम्हीं विचारलें. त्याचे तुकडे करून पायपुसणीं केलीं आहेत, चिखलास उत्तम. कांचांपैकीं चार पुतण्यानें रोपवाटिकेकरितां नेल्या. उरलेल्या अद्याप कांदाचाळीच्या मागें टेकून उभ्या आहेत. गिऱ्हाईक मिळालेलें नाहीं.